सातव्या खुंटीखालचा स्टॅन

मी एकतीस वर्षं लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. आमच्या भागातली निम्मी माणसं माझ्या हातून एकदा तरी नापास झालेली आहेत. म्हणून निवृत्त होऊन मी जमिनीतला धातू शोधणाऱ्यांच्या डिटेक्टर क्लबात दाखल झालो, तेव्हा यंत्रांच्या परीक्षा घ्यायचं काम अध्यक्षाने, म्हणजे गॉर्डनने, पहिल्याच रविवारी माझ्या गळ्यात घातलं. "नेव्हिल, तुला दयामाया नाही हे जगजाहीर आहे," तो म्हणाला. मला बरं वाटलं.

आमचा क्लब लिंकनशरमध्ये, बीटच्या शेताच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. वीस-बावीस म्हातारे, हातात लांब दांड्याची यंत्रं, कानांवर हेडफोन. यंत्राची थाळी जमिनीवरून फिरवायची, आवाज आला की खणायचं, बिअरच्या डब्याची कडी निघाली की शिवी हासडायची आणि पुढे सरकायचं. पण बाजारात नवं यंत्र आलं तर त्याची परीक्षा शेतात घेता येत नाही, कारण शेतात काय पुरलंय ते देवालाच ठाऊक. त्यासाठी शेडमागे एक पट्टा राखलेला आहे. त्यात दहा खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीखाली एकेक वस्तू, इतके इंच म्हणून मोजून पुरलेली. पहिलीखाली खिळा, दुसरीखाली डब्याची कडी, तिसरीखाली शिशाची गोळी. पट्ट्यात खुरपं लावणाऱ्याला क्लबातून कायमचं काढायचं, हा नियम गॉर्डनने चौकटीत घालून भिंतीवर टांगला आहे.

सातव्या खुंटीखाली स्टॅन होता.

म्हणजे स्टॅनचं नाणं. स्टॅन आमच्यातला सगळ्यात जुना गडी. त्याची बायको आयरीन आमचा चहा करायची, अजूनही करते. जायच्या आधीच्या महिन्यात स्टॅनला पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळचं चांदीचं सिक्सपेन्स सापडलं, कागदासारखं पातळ. तो गेल्यावर आयरीनने ते भांडी पुसायच्या फडक्यात बांधून माझ्याकडे आणलं.

"कपाटात ठेवून काय करू?" ती म्हणाली. "स्टॅनला घरात बसवत नव्हतं. त्याला तुझ्या पट्ट्यात ठेव. तुझ्या हाती देतेय, नेव्हिल."

मी चौदा इंच मोजून ते पुरलं. सगळ्यांनी टोप्या काढल्या. याला आता अठरा वर्षं झाली.

पुरल्यानंतर पंधरा दिवस एकही यंत्र सातव्या खुंटीवर तोंड उघडेना, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. एका मंगळवारी खुंट्या रंगवायच्या निमित्ताने मी एकटाच गेलो आणि खणून पाहिलं. चौदा इंचांवर काही नव्हतं. वीस इंचांवरही नव्हतं. मी माती लोटली, गवत नीट बसवलं आणि घरी जाऊन दोन दिवस जेवलो नाही. नाणं कुणीतरी चोरलं होतं, माझ्या राखणीतून. सांगावं तर पट्ट्यात खुरपं लावल्याबद्दल पहिला मीच बाहेर. पण खरं सांगायचं तर क्लबाचं मला एवढं नव्हतं. आयरीनला कळलं असतं की स्टॅन दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी नेव्हिलमुळे गेला. त्या बाईच्या तोंडाकडे मी मग कसं पाहिलं असतं? म्हणून अळीमिळी गुपचिळी.

मी गप्प राहिलो, पण मॉरिस पिंचबेक राहील तर ना. मॉरिस म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. त्याचं यंत्र त्याच्या लग्नाइतकं जुनं, तीन ठिकाणी चिकटपट्टीने बांधलेलं. पुढच्याच रविवारी त्याने सातव्या खुंटीवर थाळी फिरवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "आहे. अगदी बारीक. मांजराचं पिल्लू जांभई देतं तेवढाच आवाज."

मला त्याचा गळा दाबावासा वाटला. पण बोलणार काय?

मॉरिसला ऐकू येतं म्हटल्यावर गॉर्डनलाही येऊ लागलं, फक्त डाव्या कानात. मग बाकीच्यांना. आवाज चढत जातो की उतरत जातो यावरून क्लबात दोन तट पडले, आणि आजही चढतेवाले उतरतेवाल्यांच्या बाकावर बसत नाहीत. दर रविवारी सगळे भांडत भांडत चहाला आत आले की आयरीन कप भरता भरता विचारायची, "काय, आज काय म्हणाला स्टॅन?"

"आज जरा दबून बोलत होता," मॉरिस सांगायचा. "ओल आहे ना जमिनीत."

"त्याला ओल सोसायची नाहीच," आयरीन म्हणायची, आणि मॉरिसला एक सॉसेज रोल जास्त द्यायची.

नवी यंत्रं येत राहिली. नऊ खुंट्यांवर पोपटासारखी बोलायची आणि सातवीवर मुकी व्हायची. मी कागदावर लिहायचो : नापास. आमचा अहवाल चारच पानांचा, पण दयामाया नाही म्हणून त्याचं नाव झालं. तीन परगण्यांतले क्लब 'सातव्या खुंटीला टिकलं का?' असं विचारूनच यंत्र घेऊ लागले. एका कंपनीने केवळ या खुंटीसाठी जेवणाच्या टेबलाएवढी थाळी बनवली. ती ढकलायला दोन माणसं लागायची. तिलाही मी नापास केलं. रात्री झोप यायची नाही, पण सही मात्र ठळक करायचो.

आणि या मार्चमध्ये इमोजेन आली. तिशीची मुलगी, चिखलाचे बूट, घरच्या गॅरेजमध्ये पाच वर्षं खपून स्वतः बनवलेलं यंत्र. नाव 'बॅजर'. ते आवाज करत नाही, सरळ बोलतं. पहिल्या खुंटीवर म्हणालं, "खिळा. सहा इंच. तसदीबद्दल क्षमा." दुसरीवर, "डब्याची कडी. खणू नका." म्हातारे हसले. सहाव्या खुंटीपर्यंत येता येता कुणीच हसेना, कारण त्याचा एक इंचही चुकत नव्हता.

सातवी खुंटी आली. बॅजर थांबलं.

"इथे काही नाही," ते म्हणालं.

इमोजेनने थाळी पुन्हा फिरवली. "इथे काही नाही. क्षमा असावी."

"नापास," गॉर्डन म्हणाला.

"एक मिनिट," इमोजेन म्हणाली. "आजवर कुठल्या यंत्राला इथे काही ऐकू आलंय?"

"माझ्या," मॉरिसने दांडा आपटला. "पोरी, तू शाळेत होतीस तेव्हापासून हे ऐकतंय."

"मग खणून बघू या ना, काका. नाणं निघालं तर मी हे यंत्र तुमच्यासमोर हातोड्याने फोडते. घर गहाण टाकून बनवलंय. पण खोटं बोलत असेल तर मला ते नकोच."

शेडच्या दारात आयरीन ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता मॉरिस काहीतरी सबब काढील. पण अठरा वर्षं फुगलेल्या माणसाला मागे सरता येत नाही. "खणा की," तो म्हणाला. "माझं काय जातंय." पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर खणायचं ठरलं.

आता माझ्यापुढे एकच वाट होती. तीन दिवस हिंडून मी शेवटी गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्याच राणीचं एक सिक्सपेन्स मिळवलं, आणि बुधवारी भर दुपारी गवत कापायचं यंत्र घेऊन पट्ट्यावर गेलो. सातव्या खुंटीपाशी खुरपं लावलं तर ते ताज्या केकमध्ये सुरी जावी तसं आत गेलं. मला वाटलं, घुशी झाल्या असतील. नाणं जेमतेम आत ढकललं तोच गॉर्डनची गाडी आली. त्याच्या हातात फावडं होतं.

"हातमोजा शोधायला आलो होतो," तो म्हणाला.

"मी गवत कापतोय," मी म्हणालो. माझ्या यंत्रात पेट्रोल नव्हतं. मग आम्ही दोघांनी एकमेकांना आभाळ दाखवलं आणि पाऊस येईल की नाही यावर बराच वेळ बोललो.

रविवारी शेजारच्या क्लबातलेही लोक आले. इमोजेनने हातोडा आणला होता, पण तिचं तोंड उतरलेलं होतं. तिने सातव्या खुंटीवर थाळी धरली.

"नाणी," बॅजर म्हणालं. "पाच. तीन इंच, चार इंच, चार इंच, पाच इंच, दोन इंच. कृपया सावकाश खणा."

कुणीही एकमेकांकडे पाहिलं नाही. बावीस माणसं आपापल्या बुटांचं निरीक्षण करत होती.

मी खणलं, कारण तो माझाच अधिकार होता. पहिलं निघालं ते माझं. दुसऱ्यावर राणीऐवजी दाढीवाला राजा होता. मॉरिसला शाळेपासून इतिहास कधी जमला नाही. तिसऱ्याच्या मागे बारीक अक्षरांत 'संग्रहालयाची प्रतिकृती' असं लिहिलं होतं, आणि गॉर्डन खोकला. चौथं इतकं चकचकीत होतं की त्यात माझी टोपी दिसली.

"माझं," इमोजेन हळूच म्हणाली. "गुरुवारी घातलं. यंत्राने आज 'आहे' म्हणावं आणि पास व्हावं म्हणून. मला माझीच लाज वाटतेय."

"पण तुझं यंत्र खरं बोलत होतं," मी म्हणालो.

"ते खरं बोलत होतं. माझाच धीर सुटला."

पाचवं नाणं जुनं नव्हतं. आमच्या लहानपणीचं साधं सिक्सपेन्स, नाताळच्या पुडिंगमध्ये घालतात तसलं. कडेला एक मनुका चिकटलेला होता. तो मनुका मी ओळखला. आम्ही सगळ्यांनी ओळखला, कारण दर नाताळात याच नाण्यावर मॉरिसचा दात आपटतो. पुडिंग आयरीनचं.

आयरीन ट्रे खाली ठेवून पुढे आली.

"धुतलं होतं मी," ती म्हणाली. "पण नीट निघालं नाही वाटतं."

आता टाळण्यात अर्थ नव्हता. "आयरीन," मी म्हणालो, "स्टॅनचं नाणं नाहीये इथे. अठरा वर्षं नाहीये. मी त्याच महिन्यात खणून पाहिलं होतं. कुणीतरी चोरलं, आणि मी तुला सांगितलं नाही. तू माझ्या हाती दिलं होतंस."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू खुंट्या रंगवायला आलास त्या मंगळवारी मी शेडच्या खिडकीत होते. कपबशा मोजत."

तिने एप्रनच्या खिशात हात घातला. आतला फडक्याचा तुकडा टाके घालून शिवलेला होता, तो तिने दातांनी उसवला. हातावर पातळ, वाकडं, काळपट सिक्सपेन्स होतं.

"तू पुरलंस ना, त्या रात्रभर पाऊस लागला होता. पलंगावर पडून ऐकत होते. वाटलं, भिजत असेल बिचारा. सकाळी आले आणि सूप वाढायच्या चमच्याने काढून घेतलं. तुला सांगणारच होते. पण तू खणलंस, तुझं तोंड पांढरं पडलं, आणि तू काहीच बोलला नाहीस. म्हटलं, माझ्यासाठी गप्प बसलाय. मग मला सांगता येईना."

"अठरा वर्षं, आयरीन?" गॉर्डन म्हणाला. "आणि आम्ही बावळटासारखे इथे उभे राहून..."

"हो ना. तुम्ही उभे राहून भांडायचात." ती म्हणाली. "माणूस गेला की लोक महिनाभर नाव काढतात, गॉर्डन. मग थांबतात. माझी सख्खी बहीणसुद्धा काढत नाही, मला वाईट वाटेल म्हणून. इथे दर रविवारी वीस माणसं स्टॅनवरून भांडत चहाला यायची. चढता की उतरता. मी कशाला सांगू?"

मग तिने खड्ड्याकडे पाहिलं. "आता नाही ऐकणार कुणी, होय ना?" एवढंच म्हणाली, आणि नाणं पुन्हा एप्रनच्या खिशात ठेवलं.

मी खड्डा बुजवला. पाय देऊन माती दाबली. कुणी जाईना.

तेवढ्यात मॉरिसने बाकावरून आपलं चिकटपट्टीचं यंत्र उचललं. तो सातव्या खुंटीपाशी आला, हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि सावकाश थाळी फिरवू लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्याचे कान लालबुंद झाले होते. खाली काय आहे ते आता शेजारच्या क्लबालासुद्धा माहीत होतं.

आयरीनने बराच वेळ वाट पाहिली.

"काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"म्हणतोय, चहा गार होतोय," मॉरिस म्हणाला.

"मग चला," ती म्हणाली, आणि ट्रे उचलला. दाराशी जाईपर्यंत चढतेवाले उतरतेवाल्यांशी भांडायला लागले होते. इमोजेनला तर दोन्ही बाकांवरून बोलावणं आलं.

मी मागे राहिलो, कारण अहवाल भरायचा होता. एकतीस वर्षांत मी एकाच प्रश्नाच्या दोन उलट उत्तरांना कधी बरोबर म्हटलं नव्हतं. खुंटी क्रमांक सातच्या रकान्यात मी लिहिलं : बॅजर, काही ऐकू आलं नाही, पास. खाली लिहिलं : पिंचबेक यांचं यंत्र, ऐकू आलं, पास. सही केली आणि चहा प्यायला आत गेलो.