'जोडलेलं झाकण' म्हणजे काय?

सुनावणीच्या खोलीबाहेर धाकटा एका जागी बसत नव्हता. बाकावर टेकायचा, उठायचा, खिडकीशी जाऊन परत यायचा.

"अरे, पायाला भिंगरी लागलीय का? बस की," ताई म्हणाली. ती त्याची थोरली बहीण आणि पेटंटची वकीलही.

रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी त्यानं बनवली होती. वडिलांचा उजवा हात लुळा पडल्यावर त्यांना डाव्या हातानं उघडता यावी म्हणून. अंगठ्यानं दाबलं की झाकण मागे पडायचं, पण डबीला धरून राहायचं. पेटंट मिळालं आणि लगोलग एका मोठ्या कंपनीनं तशीच डबी बाजारात आणली. त्यानं कंपनीला कोर्टात खेचलं, तर कंपनीनं पेटंटच रद्द करा म्हणून पेटंट कार्यालयात अर्ज ठोकला.

सगळं अडलं होतं एका शब्दावर. पेटंटमध्ये लिहिलं होतं, 'डबीला जोडलेलं झाकण'. त्याचं झाकण डबीसकट एकाच साच्यातून निघायचं. कंपनीचं वेगळं बनवून मग खटक्यानं बसवलेलं. जोडलेलं म्हणजे कसंही जोडलेलं, असा अर्थ लावला तरच कंपनी सापडत होती.

आत कंपनीच्या वकिलानं टेबलावर एक पिवळी पडलेली डबी ठेवली. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याची, धाकट्याच्या कितीतरी आधी विकली गेलेली. तिचंही झाकण खटक्याचं.

धाकट्यानं अंगठा लावला. झाकण टक्कन मागे गेलं. त्याचा चेहरा उतरला.

"मग 'जोडलेलं' म्हणजे आम्ही काय समजायचं, मॅडम?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

ताई धाकट्याच्या कानाशी वाकली. "कसंही जोडलेलं म्हटलं, तर ही जुनी डबीही त्यात बसते. मग तुझं नवीन काय उरलं? पेटंट जातं. एकसंध म्हटलं तर पेटंट राहतं, पण कंपनी सुटते."

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

"हो. वकील म्हणून सांगते, एकसंध म्हणू या. बहीण म्हणून माझाही जीव तुटतोय."

त्यानं जुनी डबी मागे सारली. "सांग एकसंध," तो म्हणाला.

तिनं सांगितलं. पेटंट टिकलं, कंपनी मोकळी झाली.

लिफ्टची वाट न बघता तो जिना उतरला. फायली छातीशी धरून ती मागोमाग.

"ताई, तुझं काही चुकलं नाही. पण आता मला समजावत बसू नकोस."

"नाही समजावत."

चौकात सिग्नलपाशी तो एकदम वळला. "एकसंध झाकण त्यांच्यापेक्षा स्वस्तात काढता येईल. साचा बदलायला हवा."

"आधी दोन घास खाऊन घे."

सिग्नल सुटला होता. तो केव्हाच रस्त्याच्या पलीकडे पोचला होता.