पाठीमागची वीतभर जागा

मित्रांनो, मी लसींचा एक जुना फ्रीज आहे. माझ्या दारावर एका मोठ्या देशाचा झेंडा आहे आणि माझा मुक्काम एका लहान देशाच्या बंदरावरच्या दवाखान्यात.

मला वाटायचं, मला इथे मुलांसाठी पाठवलं. खरं कारण दवाखान्यामागची टेकडी होती. तिथून समुद्रातली सगळी जहाजं दिसतात, आणि मोठ्या देशाला दुसऱ्या मोठ्या देशाच्या जहाजांची धास्ती होती. म्हणून टेकडीवर त्यांचं रडार बसलं आणि त्या बदल्यात खाली मी. दरवर्षी साहेब येत, झेंड्यासोबत फोटो काढत. झेंडा बाहेरूनही दिसावा म्हणून मला दवाखान्याच्या दारासमोर, अगदी भिंतीला चिकटवून उभं केलं. नर्सबाई झेंडा रोज पुसायच्या. माझं दार मात्र साहेबांनी कधी उघडलं नाही.

मग धास्तीनं जागा बदलली. रडार उतरलं, साहेब गेले.

एका सकाळी माझ्या तापमानाचा काटा चढू लागला. पाच, सहा, सात. आठच्या वर गेला की लस वाया. शेजारच्या वस्तीत गोवर आला होता आणि दुसऱ्या दिवशी साठ मुलं टोचून घ्यायला येणार होती. बाईंनी साहेबांना फोन लावला.

"आता आमचं लक्ष दुसऱ्या भागाकडे आहे," उत्तर आलं.

दुसऱ्या मोठ्या देशाचा साहेब टेकडी बघायला आलाच होता. तो म्हणाला, "नवा फ्रीज देऊ की. आधी टेकडीचं ठरू द्या."

"टेकडीला गोवर होत नाही, साहेब!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या बहिणीच्या नवऱ्याला हाक मारली. "भावोजी, असाल तसे या!"

भावोजींनी मला पुढे ओढलं आणि कपाळावर हात मारला. "मेहुणीबाई, तोंड आरशासारखं आणि पाठीला धुळीची रजई! हा श्वास कुठून घेणार?"

"पाठ फोटोत येत नव्हती ना," बाई पुटपुटल्या.

भावोजींनी ब्रशनं माझ्या पाठीवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या मोकळ्या केल्या. काटा पावणेआठवर थरथरत होता. तासभर तो तिथेच होता. मग तो सातवर आला. मग सहावर.

दुसऱ्या दिवशी साठ मुलांनी भोकाड पसरलं. इतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

आता माझं तोंड टोचायच्या टेबलाकडे आहे. झेंडा बाहेरून दिसत नाही, पण पाठीमागे वीतभर जागा आहे. मित्रांनो, कोणी काही दिलं तर आभार जरूर माना, पण दिलेल्या वस्तूची पाठही पुसत चला. देणाऱ्याची नजर टेकडीवर असेल. काट्यावर नजर आपणच ठेवायची.