उसवलेलं रफू

जामखेडच्या पुढे माळावरच्या त्या गावात दर मंगळवारी दुपारी समाजमंदिरात बायांचा शिवणकट्टा भरायचा. हे खूळ जयाचं. जया गावचीच लेक. पुण्याच्या एका कपड्यांच्या कंपनीत तिने वर्षानुवर्षं नुसत्या शर्टांच्या कॉलरी शिवल्या आणि परत आली ती हे वेड डोक्यात घेऊनच. कपडा जरा फाटला की उकिरड्यावर फेकायचा, बाजारातून स्वस्तातला नवा आणायचा, तो चार धुण्यांत विटला की आणखी एक, हे तिला बघवायचं नाही. "एका शर्टामागं किती बायांच्या पाठी मोडत्यात, म्या बगितलंय," असं ती तावातावाने सांगायची. गावाने आधी तिची यथेच्छ टिंगल केली. मग ऊसतोडीला जाणाऱ्या बाया आपापली बोचकी घेऊन गुपचूप दाराशी येऊ लागल्या.

कट्ट्याचा नियम एकच, पण कडक. आपला कपडा आपण शिवायचा नाही. तो दुसरीला द्यायचा आणि आपण तिसरीचा हातात घ्यायचा. स्वतःच्या फाटक्याला माणूस कसेबसे टाके मारून मोकळं होतं, पण दुसरीचा कपडा शिवताना जीव ओततं, असं जयाचं म्हणणं. आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या मंगळवारी रतनबाईने नवऱ्याचा शर्ट आणला. उसात शिरायचं तर साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट लागतोच, नाहीतर पाचट हात सोलून काढतं. आजवर ती भीमाचे जुने शर्ट घालायची आणि भीमा तिच्या शेजारी कोयता चालवायचा. भीमा उन्हाळ्यात गेला. आता परवा ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर कोपरगावच्या साखर कारखान्याकडे निघणार होता. रतनबाई पुतण्याबरोबर जोडी लावून जाणार होती, पण भीमावाचून उसाच्या फडात उभं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. म्हणून तिने त्याचा बाह्या उसवलेला निळ्या चौकड्यांचा शर्ट काढला होता.

त्या शर्टाला छातीवर बोटभर भोक होतं. एका हंगामात ती फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, तापाने फणफणली होती. भीमा तिच्यासाठी चहा करायला बसला, चूल फुंकताना निखारा उडाला आणि नवाकोरा शर्ट जळाला. तिने पडल्या पडल्या त्याला फैलावर घेतलं, तर म्हणाला, "शर्ट गेला तर जाऊ दे. तू ऊठ." तो गेल्यापासून त्या भोकात बोट घातल्याशिवाय तिचा डोळा लागत नव्हता. पण पन्नाशीच्या बाईने असलं चारचौघींत सांगायचं कसं? "बाह्या तेवढ्या शिवा," एवढंच ती म्हणाली आणि शेजारी बसलेल्या रेश्माच्या पोलक्याला हुक लावत बसली.

तिचा शर्ट नेमका जयाच्या हाती पडला. आणि जया म्हणजे काय, एक भोक दिसलं की हिला चैन पडायचं नाही.

"रतनकाकू, वळका बरं, भोक कुठं हुतं?" जयाने शर्ट फडकावला. आतल्या पट्टीतलेच धागे ओढून तिने असं रफू केलं होतं की चौकडीला चौकडी जुळली होती. शर्ट हातोहात फिरला. बायांनी तोंडात बोटं घातली. रतनबाईने कापड चाचपलं, पुन्हा चाचपलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बगा, काकूला किती भरून आलं!" रेश्मा म्हणाली.

भरून तर आलंच होतं. परक्या लेकीने आपल्या माणसाच्या शर्टासाठी डोळे फोडले होते. अशा पोरीला नाव ठेवलं तर आपल्यासारखी कृतघ्न बाई दुसरी नाही. "लई गुनाची हायस गं," म्हणत तिने शर्टाची घडी घातली आणि निघाली. पायरीशी चपला घातल्या आणि तिथेच थांबली. मग चपला काढून परत आत आली.

"जया, रागावू नगंस बाई. मला त्ये भोक पायजे हुतं."

बाया खो खो हसल्या. "काकू, भोक कुनी मागून घेतं व्हय!" रेश्माला तर ठसकाच लागला.

तेव्हा रतनबाईने ताप, चहा, निखारा, सगळं सांगितलं. रात्री बोट घालून झोपायचं तेही सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. कुणी हसलं नाही. रेश्माने डोळ्यांना पदर लावला.

"जन्मात येवढं झ्याक रफू केलं न्हवतं म्या," जया म्हणाली आणि कात्रीचं टोक टाक्यात घातलं. एकेक धागा उसवून तिने भोक मोकळं केलं. पण उसात ओढाताण होऊन ते वाढलं असतं. म्हणून तिने कडेने बारीक, दाट काजाचा टाका घातला. बटणाच्या काजाला घालतात तसा.

"घ्या. आता हे वाढायचं न्हाई आन् बुजायचं बी न्हाई."

रतनबाईने तो शर्ट तिथेच साडीवर चढवला. काजाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि जयाचा हात दोन्ही हातांत धरला.

"परवा एकलीच चालले हुते गं," ती म्हणाली. "तू त्याला माज्या संगं धाडलंस."