आईच्या कागदी कुंड्या

"आई, तू बस. मी करतो ना!"

हे वाक्य तुमच्या-माझ्या घरात दिवसातून किती वेळा ऐकू येतं! आणि किती प्रेमाने! या गोष्टीतल्या घरात तर ते सकाळी उठल्यापासूनच सुरू व्हायचं. आईने पाण्याच्या पेल्याकडे हात नेला की मुलगा धावायचा. आईने वाळलेले कपडे मांडीवर ओढले की सून म्हणायची, "राहू द्या हो आई, उलटसुलट घड्या होतात, मला परत घालाव्या लागतात." दारावरची बेल वाजली की दोघंही एका सुरात, "उठायचं नाही हं!"

आईला काचबिंदू होता. तो लक्षात आला तोवर बरंच काही हातचं गेलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकेल तेवढी टिकेल. उरलं होतं ते बारीक नळीतून पाहावं तेवढंच, तेही धूसर.

आईची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. दिवसभर माणसं माणसांना जोडून द्यायची, आणि घरी येऊन स्वतः दुप्पट बोलायचं, असा तिचा खाक्या. रोजचं वर्तमानपत्र ती जाहिरातींसकट वाचायची आणि वाचता वाचता संपादकाशी भांडायची. आता ते वर्तमानपत्र दारात पडायचं, घडी न मोडता टेबलावर यायचं आणि तिथून रद्दीत जायचं.

मुलगा विम्याच्या कार्यालयात होता. अपघाताचे दावे तपासणं हे त्याचं काम. मोडलेले खुबे, भाजलेले हात, न्हाणीघरात घसरलेली म्हातारी माणसं हे सगळं दिवसभर त्याच्या टेबलावर कागदांच्या रूपाने येऊन बसायचं, आणि संध्याकाळी त्याच्या डोक्यात बसून घरी यायचं. एकदा आईच्या हातून चहाचं आधण सांडलं. पायावर दोन थेंब उडाले. त्याने त्याच दिवशी शेगडीची बटणं काढून फडताळात ठेवली. मग विळी गेली, सुई गेली, गॅलरीच्या दाराला वरची कडी लागली.

"मला आता फक्त फडक्याने पुसून जागेवर ठेवायचं बाकी आहे," आई एकदा म्हणाली.

सगळे हसले. ती हसली नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे ती बोलणंही कमी करत गेली. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. हात मांडीवर, तळवे वर. जणू कुणी काही देणार आहे.

अशातच तिची धाकटी बहीण राहायला आली. मावशी म्हणजे पायात चाक आणि जिभेवर तिखट. आपल्या घरामागच्या चिमूटभर जागेत ती भाजीपाला पिकवायची आणि आल्यागेल्याला जबरदस्तीने वाटायची. पहिल्याच सकाळी तिने रद्दीचा गठ्ठा ओढला, पाणी प्यायचा छोटा पेला आणला आणि बहिणीसमोर जमिनीवर फतकल मारली.

"ताई, हात दे. हा कागद. उभा फाड, उभाच सरळ फाटतो तो. हां. आता पट्टी पेल्याभोवती गुंडाळ. घट्ट नको, पेला बाहेर निघाला पाहिजे. खाली चार बोटं कागद लोंबतोय ना? तो आत दुमड, एकेक पाकळी. आता पेला जमिनीवर दाब. अजून. आणि हळूच वर काढ."

आईच्या हातात एक छोटीशी कागदी कुंडी राहिली. तिने ती चारी बाजूंनी चाचपली. तळाला अंगठा लावून पाहिला.

"आणि हिचं काय करायचं?"

"हिच्यात माती भरायची, बी पेरायचं. रोप मोठं झालं की कुंडीसकट जमिनीत पुरायचं. कागद कुजून जातो, मुळांना धक्का लागत नाही."

"संपादक पण जातो?" आईने विचारलं.

"खत होतं त्याचं!"

त्या दिवशी आई पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसली.

मावशी होती तोवर घरात मातीचा, ओल्या कागदाचा वास भरून राहिला. आईला डोळे लागतच नव्हते त्या कामाला. माती मुठीत दाबली आणि गोळा होऊन लगेच विस्कटली की ओल बरोबर. कुंडी उचलून हलकी लागली की पाणी हवं. टोमॅटोचं बी चपटं, लवदार. वांग्याचं गुळगुळीत. काकडीचं टोकदार. कुंड्या एका पसरट ट्रेमध्ये एकमेकींना खेटून उभ्या करायच्या, म्हणजे ओल्या झाल्या तरी कोलमडत नाहीत. मावशीने गॅलरीची वरची कडी काढायला लावली, ट्रे कठड्यापाशी फळीवर ठेवला आणि ती आपल्या घरी गेली.

एका सकाळी आईने सुनेला हाक मारली, "अगं, इकडे ये, बघ, माझ्या बोटाला काहीतरी लागतंय!" बोटाची पाठ तिने मातीवरून अलगद फिरवली होती. खरंच, कोंबाचा हिरवा आकडा माती उचलून वर आला होता. मुलाला कामावर फोन लावायला तिने सुनेला सांगितलं. मुलगा एका दाव्याच्या चौकशीत होता. "बरं बरं, छान," म्हणाला आणि फोन ठेवला.

सगळीच रोपं जगली नाहीत. काही बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. आई म्हणायची, पाणी जास्त झालं, माझीच चूक. आणि पुन्हा पेरायची. स्वतःची चूक म्हणण्याइतकं काही तरी तिच्याकडे पुन्हा आलं होतं, वाचकहो. पण ते घरात कुणाला दिसलं नाही. दिसला तो फरशीवरचा चिखल.

आणि एका सकाळी त्या ओल्या फरशीवरूनच तिचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण मनगट सुजलं. मुलाने तिला उठवून खुर्चीत बसवलं. टेबलावरचे सगळे दावे त्याला एकदम आठवले.

त्या रविवारी, दुपारी आईचा डोळा लागला असताना, त्याने तो ट्रे उचलला आणि इमारतीच्या मागच्या कचराकुंडीत नेऊन रिकामा केला. एक कुंडी त्याच्या हातातच फाटली. कागदातून पांढऱ्या, केसासारख्या मुळ्या बाहेर आलेल्या होत्या. त्याने हात धुतले. फरशी पुसली. गॅलरीला वरची कडी लावली.

आई उठली, चाचपडत गॅलरीच्या दाराशी गेली. दार उघडेना.

"आई, काढून टाकलं मी ते सगळं," तो मागून म्हणाला. "तुझ्या भल्यासाठीच ना गं. खुबा मोडला असता तर?"

तिने दारावरचा हात काढला.

"बरं," म्हणाली, आणि खुर्चीत येऊन बसली.

रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने हळूहळू सगळंच सोडलं. ताट समोर ठेवलं की चार घास खायची. कुणी काही विचारलं की "तुम्ही ठरवा." दिवसासुद्धा भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टर आले, रक्त तपासलं, म्हणाले, आजार काही दिसत नाही. सुनेने एक दिवस तिची वेणी घालताना नवऱ्याला खुणेने जवळ बोलावलं. खांद्याची हाडं कापडातून वर आली होती.

त्याने मावशीला बोलावून घेतलं. ती आली, बहिणीच्या उशाशी बसली, तिच्या तळहातावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन विचारलं, "रोपं कुठायत?"

"टाकली," तो म्हणाला. "मावशी, ती पडली होती! मी रोज बघतो गं, एकदा म्हातारं माणूस पडलं की काय होतं ते."

"मुळ्या बाहेर आल्या होत्या का कागदातून?"

"हो. का?"

"म्हणजे रोपं लावायला आली होती रे. तिने करायचं होतं ते सगळं करून झालं होतं, नुसती जमिनीत ठेवायची होती." मावशी खाली बसली. तिचा आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द टोचत गेला. "तुझं प्रेम मला दिसतं. पण ऐक. नजर तिची आजाराने नेली, त्याला तुझा इलाज नाही. पण चहा कुणी नेला? कपडे कुणी नेले? दाराची बेल, विळी, सुई, गॅलरी? ते काचबिंदूने नाही नेलं, राजा. ते तू नेलंस!"

"पण ती पडली असती तर..."

"तर पडली असती! फरशीवर पोतं टाकायचं होतंस, कठड्याला दोरी बांधायची होतीस. भारी शाल आपण जपून जपून कपाटात ठेवतो आणि एक दिवस उघडतो तर कसरीने खाल्लेली. तू आईला तसं जपलंस. धक्का लागू दिला नाहीस, आणि आतून संपवलीस!"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. "एकट्या यांचं नाही, मावशी. माझंही," ती म्हणाली.

मुलगा जिना उतरून मागच्या कचराकुंडीपाशी गेला. तिथे काय असणार होतं? कचऱ्याची गाडी कितीदा तरी येऊन गेली होती. तो तिथे वास सहन करत उगाच उभा राहिला आणि परत वर आला.

दुसऱ्या दिवशी त्याने आईसमोर रद्दी ठेवली, पेला ठेवला. "आई, मला शिकव ना."

"नको रे," ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "परत काढून टाकशील."

एवढंच म्हणाली. त्याला वाटलं होतं, आपली चूक आपल्याला कळली की ती सुधारेल. पण वाचकहो, एखाद्याचं मन आपण हवं तेव्हा बंद करावं आणि हवं तेव्हा उघडावं, अशी त्याला कडी नसते. मावशी राहिली, समजावलं, रागावली, रडली. आई हलली नाही. मावशी गेली.

मग एका सकाळी, लख्ख ऊन खोलीत आलेलं असताना, आईने विचारलं, "अजून दिवा का नाही लावला कुणी?"

सून हातातला तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. मुलगा आईच्या शेजारी बसला. तिच्या चेहऱ्यावरून ऊन सरकत होतं. तिला ते गालावर लागलं असावं. तिने गालाला हात लावला, आणि तिचं तिलाच समजलं.

त्या दिवशी तो कामावर गेला नाही. दुपारभर तिच्या शेजारी जमिनीवर बसून कागद फाडत राहिला. काही तरी हातांना हवं होतं म्हणून. कागद आडवा फाटायचा, वेडावाकडा. पेल्याला चिकटायचा. एक कुंडी कशीबशी जमली, ती त्याने काही न बोलता आईच्या तळहातावर ठेवली.

मग तिचा अंगठा हलला. कुंडीच्या आत गेला, आणि आरपार बाहेर आला.

"तळ उघडाय," आई म्हणाली.

"कसा करायचा बंद?"

ती हाताने पेला शोधू लागली. त्याचा हात पुढे जात होता, पेला तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याने आपलाच हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला. तिची बोटं सतरंजीवरून फिरली, चुकली, पुन्हा फिरली. पेला लागला, तिने तो कुंडीत सरकवला. एकेक पाकळी आत दुमडून तिने तो जमिनीवर दाबला.

"आई, मला माफ कर," तो म्हणाला.

"ते राहू दे," ती म्हणाली. "माती आण."

यापुढे सगळं छान झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. नजर गेली ती गेलीच. अन्न तिला पूर्वीसारखं गेलं नाही, आणि ते मोठ्याने हसणंही परत आलं नाही. पेरलेल्यातली बरीच रोपं वाळली. जगली त्यांतल्या एका झाडाला खुरटे टोमॅटो आले. आई अजून कधी कधी काम करता करता थांबते आणि विचारते, "ट्रे आहे ना जागेवर?" मुलगा म्हणतो, आहे. तरी ती उठून, त्याने बांधलेली दोरी धरून गॅलरीत जाते आणि स्वतः हात लावून खात्री करून घेते. त्याच्या शब्दावर तिचा विश्वास बसत नाही. ही त्याची शिक्षा आहे, आणि ती किती दिवस चालायची हे त्याच्या हातात नाही.

पण एक झालं. त्या घरात आता "तू बस, मी करतो" असं कुणी म्हणत नाही.

आपल्या घराघरांत अशी माणसं खुर्चीत बसवून ठेवलेली आहेत. आजारी, थकलेली, कमी दिसणारी, कमी ऐकू येणारी. आपण त्यांना औषध देतो, जेवण देतो, मऊ गादी देतो, आणि बदल्यात त्यांचं काम काढून घेतो. याला आपण सेवा म्हणतो! माणूस नुसत्या श्वासावर जगत नाही. आपल्यावाचून कुठे तरी काही तरी अडतंय, या जाणिवेवर तो जगतो. ती जाणीव काढून घेणं हाही अपघातच आहे, फक्त त्याचा दावा कुणी दाखल करत नाही.

तेव्हा आज घरी गेलात की आपल्या माणसाला विचारा, "हे तू करतेस का?" आणि मग, कृपा करून, थांबा. चाचपडणाऱ्या हाताला वेळ लागतो. तेवढा वेळ आपला हात मध्ये घालू नका.