न हलता दिलेलं माप

आईचा जन्म लोकांची मापं घेण्यात गेला. पण हल्ली ती एकाच सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावायची, आणि उसवून पुन्हा डाव्याच.

दादा वेगळा राहायचा. आईजवळ राहणाऱ्या धाकट्या बहिणीला फोनवरून म्हणायचा, "काही झालेलं नाही तिला. तू सारखी खेकसतेस, म्हणून ती गांगरते."

हे धाकटीच्या वर्मी लागायचं, कारण ती खेकसायची हे खरं होतं. परवा तर "मुद्दाम करतेस ना?" म्हणून तिने आईच्या हातातलं कापड हिसकावलं होतं. मेंदूच्या स्कॅनमध्ये एकदा दुखणं दिसलं, की दादाचं तोंड बंद होईल, असं तिला वाटत होतं. आपल्या खेकसण्यालाही काही आधार मिळेल.

आई तयार नव्हती. "काही निघालं तर मला शिलाई मशीनला हात लावू देणार नाहीस." मग तीच नमली. "बरं बाई, घे एकदाचं माप."

"आजी, आत हलायचं नाही हं," तपासणीच्या खोलीतला तंत्रज्ञ म्हणाला.

"हलणाऱ्याचं माप चुकतं, हे तू मला शिकवतोस?"

डॉक्टरांनी पडद्यावरच्या करड्या चकत्या एकेक करून पाहिल्या. "वयाच्या मानाने छान आहे. गाठ नाही, रक्तस्राव नाही, फारसं आकसलेलंही नाही."

"असं कसं?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं. दुकानदाराने वजनात मारल्यासारखा सूर होता तो.

डॉक्टर तिच्याकडे वळले. "सुरुवातीला स्कॅन चांगला येऊ शकतो. नुसत्या चित्रावर निदान होत नाही. स्मरणशक्तीच्या चाचण्या करू, रक्त तपासू."

धाकटीच्या कानापर्यंत ते पोचलं नाही. आई तिच्याकडे बघत होती. आरशासमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा ती असाच वाचायची. कपडा बसला की नाही, हे त्याने सांगायच्या आधी तिला कळायचं.

"डॉक्टर, परत काढा," आई म्हणाली. "मी हलले असेन."

"नाही हललात, आजी. चित्र स्वच्छ आलंय."

"पण तिला पसंत नाही ना."

डॉक्टरांनी कागद चाळायला घेतले. धाकटीचे कान तापले.

बाहेर बाकावर बसतात न बसतात तोच दादाचा फोन आला. तिने घेण्याआधीच आईने तो कानाला लावला. "माझंच चुकलं रे. हिने बजावलं होतं, तरी मी आत हलले."

ती धाकटीच्या वागण्यावर पांघरूण घालत होती, की तिला खरंच तसं वाटत होतं, कळायला मार्ग नव्हता. 'आई हलली नव्हती', एवढंच धाकटीने दादाला सांगायचं होतं. पण ती खाली वाकली आणि आईच्या चपलेचा पट्टा लावत राहिली. तो केव्हाच लागला होता.

आईने फोन ठेवला आणि तिच्या पाठीवर हात टेकला.

"सरळ उभी राहा गं," ती गिऱ्हाइकाला म्हणावं तसं म्हणाली. "खांदे पाडू नकोस."