कडी काढल्याचा आवाज

संजनाने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा तिच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं ते तिच्या आईनेच, लताबाईंनी. संजना मनमाडला नांदायला गेली. मनमाड काही परदेश नाही, पण द्वारका चौकामागच्या माहेरच्या कॉलनीत तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

म्हणूनच शेजारची चैताली लघुपट करतेय आणि त्यात मुलीची वाट पाहणारी आई आहे, असं कळल्यावर लताबाई आपण होऊन आल्या.

"माझा चेहरा चालेल का गं? मोबाईलवर दिसेल ना सगळ्यांना?"

सगळ्यांना म्हणजे कुणाला, हे चैतालीने विचारलं नाही. संजना तिची शाळेपासूनची मैत्रीण.

शूटिंग लताबाईंच्याच घरी ठेवलं. शेवटचा प्रसंग साधा होता. जिन्यात पावलं वाजतात, दाराशी थांबतात, आई कडीवर हात ठेवते. पंखा बंद केला. चैतालीचा मित्र अश्विन कॅमेरा घेऊन हळूहळू लताबाईंच्या चेहऱ्याकडे सरकू लागला. पावलं वाजवायचं काम त्यांच्याबरोबरच्या उज्वलाकडे होतं. ती जिना चढून दाराशी थांबली मात्र, लताबाईंनी धाडकन दार उघडलं.

"कट! काकू, लगेच नाही उघडायचं. बघणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे."

"अगं, पावलं दारात आल्यावर कोण आई थांबेल?"

चैताली घुटमळली. मग हळूच म्हणाली, "आणि ती नसली तर? दुसरंच कुणी असलं तर?"

पुढच्या खेपेला लताबाईंचा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. ओठ नुसतेच हलले. हवं ते मिळालं होतं, तरी चैतालीच्या तोंडून 'कट' निघेना. शेवटी लताबाईंनीच कडी काढली. बाहेर उज्वला. तिला बघून त्या कसनुशा हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

एडिटिंगला बसल्यावर चैतालीने चौकातले हॉर्न काढले, शेजारची भांडी काढली. उरला नुसता लताबाईंचा श्वास. दाराबाहेरचं काहीच दाखवलं नाही. हात कडीवर असतानाच पडदा काळा.

"कडक!" अश्विन म्हणाला.

लताबाईंनी मात्र बघून विचारलं, "मी दार उघडलं, ते कुठे गेलं?"

"ते दाखवलं की ताण सुटतो, काकू."

"मग तिला कसं कळणार, मी उघडलं ते?"

घरी येऊन चैताली पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसली. पडदा तिने काळाच ठेवला, पण त्या काळोखात त्याच दाराचा आवाज जोडला, कडी सरकल्याचा. आणि फिल्म संजनाला पाठवून दिली.

बरेच दिवस उत्तर नाही. मग एका दुपारी फोन वाजला.

"चैतू, ती आमचीच कडी ना गं? आधी अडकते, मग खट्कन सुटते..." संजना म्हणाली. "आई आहे का जवळ?"

चैताली अनवाणीच शेजारी धावली. लताबाईंनी ओले हात पदराला पुसत फोन घेतला.

"संजू, रविवारी येतेस? ... नाही, नाही, तुझ्या सवडीने गं. जावईबापूंनाही आण."

त्यांनी फोन परत दिला.

"बघते म्हणाली," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या, "पण 'नाही' म्हणाली नाही."