माझ्या पोटातला आवाज

दचकू नका, बोलतेय ती मीच. भंडारदऱ्याच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या वळणावरची ही दगडी भिंत. लोक माझ्यावर बसून तंबाखू मळतात, पिचकाऱ्या मारतात, पण माझं ऐकायला कुणाला सवड नसते. तुम्ही टेकलाच आहात तर ऐका.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. ओढ्यात पाण्याचा टिपूस नव्हता आणि माणसं पुराला अडवायला भिंत रचत होती! हसू नका. आदल्या एका पावसाळ्यात याच ओढ्यानं खालच्या वाडीतली घरं माणसांसकट नेली होती. शिवाय दुष्काळी कामावर पोटाला सुकडी मिळायची, म्हणून सगळं गाव दगड वाहत होतं.

चांगुणाही वाहायची. भिमाजीची बायको, भारी बडबडी. एका दुपारी डोक्यावरची पाटी उतरवून माझ्या पायाशी टेकली, ती पुन्हा उठलीच नाही. बायांनी तिथल्या दगडाला शेंदूर लावला. मग त्या जागेला हात लावायची गवंड्यांची छाती होईना, आणि दगडामागची भर अर्धवटच राहिली. माझं पोट तेवढं पोकळ राहिलं.

पाऊस येण्याआधी एका ओव्हरसियर साहेबांनी गावातल्या काही जणांना भिंत तपासायला शिकवलं. दगडावर हातोडी मारायची. ठणठणीत वाजला तर बरा, बद्द वाजला तर आत पोकळ. पायथ्याशी गढूळ पाणी झिरपलं तर चुन्याची फुली मारून तालुक्याला कळवायचं. साहेब म्हणाले, "पगार नाही बरं का. पण वाडीचा जीव तुमच्या हाती आहे." भिमाजीनं पहिला हात वर केला. जोडीला चांगुणाची मावसबहीण झुंबरबाई. ती खालच्या वाडीत राहायची.

पाऊस झाला आणि पाणी माझ्या पोटात शिरलं. शेंदराच्या दगडाआड कुजबुज सुरू झाली. भिमाजीनं कान लावला, तर त्याला त्यात चांगुणाचाच आवाज ऐकू आला. तेव्हापासून तेवढा भाग तो एकटाच तपासायचा. "तिकडं समदं ठीक हाय," असं झुंबरबाईला सांगायचा. ती गेली की दगडाशी घरच्या गप्पा मारायचा. मध्येच थांबायचा, ऐकायचा, हसायचा. इकडे आतून माझी माती सुटत चालली होती. मी ओरडणार कशी? आणि खरं सांगते, त्याचं ते हसू बघून माझी जीभ रेटलीही नसती.

पुढच्या पावसाळ्यात जरा उघडीप पडली, तेव्हा झुंबरबाई हटूनच बसली. "दाजी, सरका. आज मी बघनार."

तिनं कान लावला. अंगावर सर्रकन काटा आला तिच्या. "चांगुणे!" म्हणाली. मग पायथ्याशी हात घातला, तर ओंजळ गढूळ. "दाजी, ह्ये पानी हाय."

"ठावं हाय मला. पहिल्या दिसापास्नं ठावं हाय."

"मंग बोलला का न्हाई?"

"दुरुस्ती क्येली असती न्हवं. मंग ती गप झाली असती."

झुंबरबाईनं शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागली. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "माजी लेक बाळंतीन हाय वाडीत. चांगुणा असती तर तुमास्नी खेटरानं हाणलं असतं!"

भिमाजीला हसू आलं आणि हुंदकाही. त्यानं दगडाला डोकं टेकवलं, आणि शेंदरावर स्वतःच्या हातानं चुन्याची फुली मारली.

गवंड्यांनी माझं पोट उघडून दगड-सिमेंटनं गच्च भरलं. भाद्रपदात ओढा फुगला, पार माथ्याला लागला. मी हलले नाही. वाडी वाचली.

पाणी ओसरल्यावर भिमाजी आला. कितीतरी वेळ कान लावून बसला. "बोल की गं," म्हणाला, "येकदाच." त्या दिवशी मला माझ्या मजबुतीची लाज वाटली.

अजून येतो तो. हातोडी मारतो, कान लावतो, मान खाली घालून जातो. आणि तो वळणाआड गेला की माझ्या आत बांगड्या किणकिणतात. आता तिथं पाणी शिरायला सुईएवढीही जागा नाही हो! तरी बोलतं कुणीतरी. तो असताना मात्र चिडीचूप.

माझा आवाज त्याला ऐकू जात नाही. तुम्हाला जातोय, तर एवढं करा. वर त्याचं घर आहे, तिथं जा. सांगा त्याला, ती आहे. रोज एकच विचारते, "धनी जेवलं का?"